हजारामागे किती बाया?

 

आजची गोष्ट आपल्या कारंज्यापासून फार दूरच्या ठिकाणाची आहे. ठिकाण आहे मुंबई उपनगर जिल्हा. तुम्ही म्हणाल, ताई, आपल्याला काय करायचं त्या मुंबईचं? आपली पोरं तर नागपूरला नाही तर पुण्याला जातात. मलाही आधी तसंच वाटत होतं. पण एकदा महालक्ष्मी सरसला आपल्या गटाचा माल घेऊन मी वांद्र्याला गेले, आणि तिथं एका बाईनं मला असं काही सांगितलं की घरी आल्यावर मी पुस्तकं आणि जनगणनेचे आकडे काढून बसले.

आमच्या स्टॉलवर जवसाची चटणी, सरगुंडे, मूगवड्या आणि संत्र्याची बर्फी होती. एक साठीच्या बाई आल्या. फ्रॉक घातलेला, गळ्यात क्रूस. मी आपली मोडक्या हिंदीत भाव सांगू लागले. बाई हसल्या आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "चटणीत लसूण किती घातला?" मराठी आपल्यासारखं नव्हतं, सूर वेगळा, काही शब्द वेगळे, पण मराठीच. मी विचारलं, "तुम्ही गोव्याच्या का?" त्यांना ते आवडलं नाही. म्हणाल्या, "आम्ही इथलेच. बाकी सगळे नंतर आले. आमचं गावठाण इथून पायी दहा मिनिटं."

गावठाण! वांद्र्यात, जिथं एका खोलीच्या किमतीत आपल्याकडं वावर येईल, तिथं ही बाई गावठाण म्हणते. आपल्या ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर असतो तोच शब्द.

तर आधी हा जिल्हा कुठं आहे ते पाहू. आपण वर्ध्याहून सेवाग्राम एक्स्प्रेसनं निघालो तर सकाळी कल्याण येतं, मग ठाणं, आणि ठाण्यानंतर मुलुंड. मुलुंडपासून उपनगर जिल्हा लागतो. भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला हे सगळं त्यातच. पलीकडच्या रेल्वेवर वांद्रे, अंधेरी, गोरेगाव, बोरिवली, थेट दहिसरपर्यंत. माहीमची खाडी ओलांडून दक्षिणेला गेलं की मुंबई शहर हा दुसरा जिल्हा. तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. कलेक्टर वांद्र्याला बसतात. २०११ च्या जनगणनेत इथं ९३ लाख ५६ हजार ९६२ माणसं मोजली गेली. आपल्या वर्धा जिल्ह्यात त्याच वेळी १३ लाख ७७४. क्षेत्रफळ म्हणाल तर आपल्या जिल्ह्यात असे चौदा जिल्हे बसतील. आपल्याकडं एका चौरस किलोमीटरमध्ये २०६ माणसं, तिकडं जवळजवळ २१ हजार.

एवढी माणसं तिथं कधी आली, कुठून आली, आणि त्यांत बाया किती होत्या, हे आज सांगायचं आहे. बायांचा आकडा मी मुद्दाम पाहते. एखाद्या ठिकाणी हजार पुरुषांमागे किती बाया आहेत यावरून ते ठिकाण कमाईचं आहे की घराचं, हे बरंच कळतं.

हा सगळा भाग पूर्वी साष्टी नावाचं बेट होता. सासष्ट गावं म्हणून साष्टी, असं सांगतात. खाडीकाठी कोळी, भातशेती करणारे कुणबी, माडाची झाडं राखणारे भंडारी, डोंगरात वारली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले, १५३४ च्या तहानं हा मुलूख त्यांच्याकडं गेला, आणि पुष्कळ गावं ख्रिस्ती झाली. धर्म बदलला, शेत, होडी, बोली मात्र तीच राहिली. पुढं १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली, आणि १७७४ पासून साष्टी इंग्रजांकडं आली. माझ्या स्टॉलवरच्या बाई याच लोकांतल्या. त्यांना ईस्ट इंडियन म्हणतात. नाव इंग्रजी असलं तरी माणसं अस्सल इथली. झालं असं की इंग्रजी अमलात गोव्याकडचे ख्रिस्तीही नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले, दोघांत घोटाळा होऊ लागला, तेव्हा १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या साली, यांनी ईस्ट इंडिया कंपनीवरून हे नाव घेतलं. आपण इथले पहिले आहोत हे सरकारला कळावं म्हणून!

त्यांच्या म्हाताऱ्या बाया लुगडं नेसत. उन्हाळ्यात त्या वर्षाचा मसाला करतात, वीसच्या वर जिन्नस भाजून, कुटून, आणि तो बाटल्यांत ठासून भरतात. म्हणून त्याला बाटली मसाला म्हणतात. कुटणाऱ्या बायांची टोळी घरोघर जायची. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा आमच्या गटातली एक जण म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की, फक्त आपण बरणीत भरतो." वांद्र्यात रणवार, चिंबई, पाली, शेर्ली ही त्यांची जुनी गावं अजून आहेत. उंच इमारतींच्या मधोमध कौलारू घरं आणि अंगणात क्रूस.

ही गावं आणि मुंबई यांच्यामध्ये माहीमची खाडी होती. होडीनं जावं लागे आणि पावसाळ्यात होड्या बुडत. सरकार पूल बांधायला तयार होत नव्हतं, खर्च नको म्हणून. शेवटी एका बाईनं पैसे दिले. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय, पारशी घराण्यातल्या. दीड लाखाहून जास्त रुपये, त्या काळातले, आणि अट एकच, की या रस्त्यावर कुणाकडून जकात घ्यायची नाही. १८४५ मध्ये रस्ता झाला. आज त्यावरून गाड्यांची रीघ असते. वांद्रं मुंबईला पहिल्यांदा पायी जोडलं गेलं ते असं. मग १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे झाली आणि १८६७ ला वांद्र्याच्या बाजूनंही लोकल धावू लागली.

पण लगेच माणसं इकडं राहायला आली नाहीत. इकडून तिकडं गेलं ते पाणी. मुंबईत पाण्याची टंचाई पडली तेव्हा साष्टीच्या डोंगरात विहार तलाव बांधला, १८६० मध्ये, आणि नंतर तुळशी तलाव. पाणी नळानं थेट मुंबईत. ज्यांच्या डोंगरातलं पाणी ते गाववाले विहिरीवरच राहिले. धरणाच्या शेजारी राहून तहानलेलं असणं काय असतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. हे पाणी लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

आता बायांचा आकडा. जुन्या मुंबईत, म्हणजे गिरण्यांच्या मुंबईत, बाया फार कमी होत्या. १९२१ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे दोन पुरुषांमागे एक बाई. बाकीच्या कुठं होत्या? गावी. रत्नागिरी, सातारा, पुण्याकडची मावळ गावं. नवरा गिरणीत, एका खोलीत दहा-पंधरा गडी पाळीपाळीनं झोपणारे, जेवण खानावळवाल्या बाईकडं. बायको गावी भात लावणार, सासू-सासऱ्यांचं करणार, मनिऑर्डरची वाट पाहणार. त्याची खूण अजून आकड्यांत आहे. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बाया होत्या. रत्नागिरीत मुली जास्त जन्मतात असं नाही, पुरुष बाहेर आहेत. मुंबईत जेवढ्या बाया कमी, त्यांतल्या पुष्कळ कोकणात जास्त. एकाच संसाराची दोन टोकं वेगवेगळ्या वहीत लिहिलेली. आपल्या वर्धा जिल्ह्याचा आकडा ९४६ आहे.

मग उपनगरं भरली कधी? प्लेगनंतर थोडी, १८९६ च्या. शहरातल्या दाटीला घाबरून ज्यांना परवडलं ते मोकळ्या हवेला वांद्रे, सांताक्रूझ, पार्ल्याकडं आले. १९२० मध्ये सरकारनं ठाणे जिल्ह्यातून वेगळा उपनगर जिल्हाही केला. १९२५ ला कुर्ल्यापर्यंत विजेवरची गाडी आली, ती देशातली पहिली. तरीही १९५१ ला शहरात २३ लाख माणसं आणि उपनगरांत फक्त साडेसहा लाख. खरा लोंढा त्यानंतरचा. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आणली, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. गावं मुंबईत गेली. आणि आकडे बघा: १९६१ ला उपनगरांत १३ लाख ८० हजार. १९७१ ला २९ लाख. १९८१ ला साडेएकोणपन्नास लाख, म्हणजे शहराला मागं टाकलं. १९९१ ला साडेसदुसष्ट लाख. दरम्यान १ ऑक्टोबर १९९० रोजी उपनगर पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला. आणि तिकडं मुंबई शहराचं काय? १९८१ पासून ते कमीच होत गेलं, फक्त २००१ ला थोडं वर आलं आणि पुन्हा खाली, २०११ ला ३१ लाखांच्याही आत. १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, चाळीतली खोली विकून माणसं उपनगरात, नाही तर त्याही पलीकडं डोंबिवली-विरारला गेली.

कोण कोण आलं, याची यादी केली तर आख्खा देश होईल. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, त्यांच्या छावण्या चेंबूर-मुलुंडकडं पडल्या. गुजराती आणि जैन कुटुंबं घाटकोपर, मुलुंड, कांदिवलीला. तमिळ, मल्याळी लोक चेंबूरला. मुसलमान वस्त्या कुर्ला, जोगेश्वरी, गोवंडीला. घाटकोपरला रमाबाई आंबेडकर नगर ही मोठी बौद्ध वस्ती. उत्तर प्रदेश-बिहारकडचे लोक तर सगळीकडं. मोजलं तर पाचांत साधारण एक माणूस मुसलमान, वीसांत एक बौद्ध. आणि मातृभाषा मराठी सांगणारे तिघांत एकच्या आसपास. शहरातले म्हशींचे गोठे हलवून १९४९ मध्ये गोरेगावला आरे दूध वसाहत काढली, तिथंही गोठ्यांवर राबायला उत्तरेकडचे लोक आले, आणि वारल्यांचे पाडे मधेच अडकले. आपल्याकडच्या गवळाऊ गाईंवाल्या कुटुंबांना हे ऐकून बरंच काही आठवेल, पण तो विषय पुन्हा कधी.

आणि विदर्भ? विक्रोळीला कन्नमवार नगर नावाची मोठी सरकारी वसाहत आहे. आपले चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार, राज्याचे दुसरे मुख्यमंत्री, त्यांच्या नावाची. आपल्या तालुक्यात कन्नमवारग्राम आहे, आणि तिकडं विक्रोळीला कन्नमवार नगर. तिथल्या किती जणांना ते नाव कुणाचं हे ठाऊक असेल देव जाणे.

या वसाहतींचं महत्त्व असं, की इथं घर होतं. लहान का होईना, कुटुंबाला राहता येईल असं. गिरणगावात गडी आला आणि बाई गावी राहिली. उपनगरात बाईही आली. २००१ ला मुंबई शहरात हजार पुरुषांमागे ७७७ बाया होत्या आणि उपनगरात ८२२. २०११ ला शहरात ८३२, उपनगरात ८६०. अजून हजाराला पुष्कळ कमी आहेत, पण सव्वापाचशेवरून ८६० म्हणजे केवढा बदल! आलेल्या बाया रिकाम्या बसल्या नाहीत. अंधेरीला १९७३ मध्ये सीप्झ नावाचा निर्यातीच्या कारखान्यांचा भाग सुरू झाला, तिथं बारीक जोडकामाला मुलीच जास्त घेतल्या. दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी, पापड, शिवण, मासळीच्या टोपल्या हे तर होतंच. १९९२ मध्ये चर्चगेट ते बोरिवली फक्त बायांची लोकल सुरू झाली. बायांसाठी आख्खी गाडी सोडावी लागली, एवढ्या जणी रोज कामाला निघत होत्या.

आता पाणी. १९५७ च्या हद्दवाढीनं गोरेगाव मुंबईत गेलं, पण वस्त्यांत नळ कुठले? विहारचं पाणी शेजारून जातंय आणि बाया हंडे घेऊन रात्री दोनला उठतायत. तिथं एक बाई उभ्या राहिल्या, मृणाल गोरे. डॉक्टरीचं शिक्षण सोडून सेवादलाच्या कामात आलेल्या. १९५८ मध्ये नवरा गेला, पदरात लहान मुलगी. १९६१ ला महापालिकेवर निवडून आल्या आणि पाण्यासाठी इतक्या भांडल्या, इतके हंडा मोर्चे काढले, की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. १९७२ मध्ये महागाई वाढली तेव्हा अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यासोबत लाटणं हातात घेऊन हजारो बायांचे मोर्चे निघाले. लाटणं, बायांनो! आपल्याला ज्याचं काही वाटत नाही ते. १९७७ ला त्या खासदार झाल्या.

मृणालताईंचं आणखी एक काम या आकड्यांशी थेट जोडलेलं आहे. पोटात मुलगी आहे का हे पाहून ती पाडायची, हा धंदा मुंबईत जोरात सुरू झाला होता. १९८६ मध्ये त्यांनी विधानसभेत त्याविरुद्ध विधेयक आणलं, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशातला पहिला तसा कायदा केला. दिल्लीचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. आपल्या दवाखान्याच्या भिंतीवर जो फलक लागलेला असतो, त्याची सुरुवात गोरेगावच्या एका पाणीवाल्या बाईनं केली. हजारामागचा आकडा पुरुष बाहेर गेले म्हणून हलतो, बाया आल्या म्हणून हलतो, आणि जन्मूच दिल्या नाहीत म्हणूनही हलतो.

आता मला खरं जे सांगायचं आहे त्याकडं येते. मोजलं जाणं.

उपनगरात आलेल्या लाखो लोकांना घर मिळालं नाही. त्यांनी खाजणात, डोंगरावर, रेल्वेकाठी झोपड्या घातल्या. २०११ लाही मुंबईत शंभरातली चाळीसच्या वर माणसं झोपडपट्टीत होती. कागदावर ती जणू नव्हतीच. मग ४ जानेवारी १९७६ ला सरकारनं एका दिवसात सगळ्या झोपड्यांची मोजणी केली. ज्यांची नोंद झाली त्यांना फोटोपास मिळाला. तो कागद घरात असणं आणि नसणं यात पुढं जमीन-अस्मानाचा फरक पडला. पास असेल तर हलवताना दुसरी जागा मागता येते. त्या दिवशी जी कामावर गेली होती, गावी बाळंतपणाला गेली होती, तिचं काय झालं असेल याचा विचार करा.

पण नुसता पास असूनही भागत नव्हतं. मानखुर्दची जनता कॉलनी बघा. महापालिकेनंच शहरातून उठवून तिथं बसवलेली माणसं, सुमारे सत्तर हजार. शेजारच्या अणुसंशोधन केंद्राला जागा हवी म्हणून १९७६ च्या मे महिन्यात, आणीबाणीत, आख्खी वस्ती उठवली आणि दलदलीच्या चीता कॅम्पवर नेऊन टाकली. त्या वस्तीसाठी कोर्टापासून दिल्लीपर्यंत लढलेले जोकिन अर्पुथम पुढं देशभरच्या झोपडीवासीयांचे नेते झाले, त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणि ज्यांच्याकडं झोपडीही नाही, फुटपाथच आहे, ते तर १९७६ च्या मोजणीतही नव्हते. १९८१ च्या पावसाळ्यात त्यांना उठवलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९८५ चा निकाल आला: पोटापाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, पण नोटीस देऊन महापालिका फुटपाथ मोकळा करू शकते. म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्यानं घेतलं. तेव्हा भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायांनी काय केलं? स्पार्क नावाच्या संस्थेसोबत स्वतःची जनगणना स्वतः केली. सुमारे सहा हजार कुटुंबं. कुठून आलात, काय काम करता, कामाला कसं जाता. उत्तरं आली: दुष्काळी, गरीब जिल्ह्यांतून, काम जवळच, पायी जातो, भाड्याला पैसे नाहीत. त्या अहवालाचं नाव होतं, आम्ही अदृश्य. म्हणजे दिसत नसलेले. त्यानंतर याच बायांनी १९८६ मध्ये महिला मिलन हा गट काढला आणि रोजची बचत सुरू केली. घर कसं हवं हे सरकारला कळावं म्हणून कापडाचं खऱ्या मापाचं घर उभं करून दाखवलं. त्यांच्यातल्या काहींना पुढं मानखुर्दला, याच उपनगर जिल्ह्यात, पक्की घरं मिळाली, त्या वस्तीचं नाव मिलन नगर.

आपण बचत गटाच्या बैठकीत हजेरी, जमा, कर्ज लिहितो ना, तेव्हा मला कधी कधी या भायखळ्याच्या बाया आठवतात. त्यांची पहिली वही बचतीची नव्हती, डोकी मोजायची होती.

आता आपलं. २०२१ ची जनगणना करोनामुळं झाली नाही, आता ती २०२७ ची म्हणून जाहीर झाली आहे. मोजणारे आपल्याही दारात येणार. मागची, २०११ ची, मला चांगली आठवते. मी लग्न होऊन या घरात नवीन होते. मोजणारे ओसरीत बसले होते, सासरे उत्तरं देत होते, मी आत होते. "सून काय करते?" "काही नाही, घरीच असते." लिहिलं गेलं. त्याच दिवशी पहाटेपासून आम्ही दोघी सासू-सुना वावरात होतो, आणि येऊन मी चहा टाकला होता. सासऱ्यांचा मी राग धरत नाही, त्यांना तसंच वाटत होतं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं! पण जनगणनेच्या नियमात घरच्या शेतातलं बिनमजुरीचं कामही काम म्हणूनच धरतात, आणि वर्षात सहा महिने किंवा जास्त केलं तर मुख्य काम करणारी, कमी केलं तर वेगळा रकाना. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणखी एक गंमत. आपण स्थलांतरित म्हटलं की पुण्याला गेलेली पोरं डोळ्यांपुढं येतात. पण देशात गाव सोडून दुसरीकडं राहणाऱ्यांत बायाच जास्त आहेत, आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण लग्न. म्हणजे मी स्थलांतरित, तुम्ही स्थलांतरित, आपल्या गटात बसलेल्या जवळपास सगळ्या जणी. वांद्र्याच्या त्या बाईंसारखं "आम्ही इथलेच" म्हणणारी आपल्यात एखादीच निघेल, जिचं माहेर आणि सासर एकाच गावात.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत मी हाच प्रश्न टाकला. अकरा जणी होत्या. "समजा मी मोजणारी आहे. काम काय करता?" नऊ जणी म्हणाल्या, "घरीच." आदल्या दिवशी त्यांतल्या सहा जणी कापूस वेचायला गेल्या होत्या. मग आम्ही बोटांवर मोजायला बसलो. जूनमध्ये पेरणी, सरकी टोबणं. जुलै-ऑगस्ट निंदण. सप्टेंबरला पुन्हा निंदण आणि फवारणीला पाणी भरणं. ऑक्टोबरला सोयाबीन सोंगणी. मग कापूस, तो जानेवारीपर्यंत चालतो. मधेच तूर, मधेच संत्र्याचा तोडा आणि वेगळवारी. फेब्रुवारीत गहू-चणा. गोठा तर बाराही महिने, तो आम्ही धरलाच नाही.

नऊ महिने भरले.

आमच्यातल्या एक काकू, ज्या सगळ्यांत आधी "घरीच" म्हणाल्या होत्या, त्यांनी बोटं पुन्हा एकदा मोजून पाहिली. "माय वं, एवढं?" म्हणाल्या, आणि गाईला पाणी दाखवायची वेळ झाली म्हणून उठून गेल्या.